मुलींच्या हायस्कूलमधला किशोरी मंच: जून ते एप्रिल, वर्षभर काय आणि कसं?

खडूफळा

सोलापुरातल्या मुलींच्या हायस्कूलसाठी किशोरी मंचाचं वर्षाचं नियोजन करायचं आहे. आठवी ते दहावीच्या साधारण ४० मुली, आठवड्याला एक तास, पैसा जवळजवळ नाही. बऱ्याच मुलींच्या घरी विडीचं काम चालतं. घरी बोलायची भाषा कुणाची तेलुगू, कुणाची कन्नड, कुणाची उर्दू. 'विविध उपक्रम राबवावेत' हे परिपत्रकातलं वाक्य नको आहे. कोणत्या महिन्यात काय घ्यावं, सामान किती लागतं आणि कुठे घोळ होतो, एवढंच लिहा. हिशेब कसा ठेवायचा तेही सांगा.

सातवा_तास

आधी वेळ ठरवा, उपक्रम मग. शाळा सुटल्यावर मंच ठेवला की विडीवाल्या घरांतल्या मुली पहिल्या गळतात. तयार विड्या ठरल्या वेळेला कारखान्यात द्यायच्या असतात, त्यामुळे दुपारनंतर पानं कापायला आणि विड्या बांधायला घरी हात लागतात. शहराबाहेरच्या कुंभारीतल्या विडी कामगारांच्या घरकुलातून येणाऱ्या मुलींना बसही गाठायची असते. तास शाळेच्या वेळापत्रकातच हवा. शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास नको, त्याच्या आदला घ्या. शेवटच्या तासाला निम्म्या मुलींचं दप्तर आधीच भरलेलं असतं.

वर्षही कागदावर दिसतं तेवढं लांब नाही. जूनचे शेवटचे दोन आठवडे प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातात. घटक चाचणी, गणपती, सहामाही, दिवाळी, डिसेंबरात क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलन. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा. फेब्रुवारीपासून दहावीची प्रात्यक्षिकं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, मग ऊन आणि सकाळची शाळा. सगळं वजा केल्यावर २२ ते २४ तास हाताशी राहतात. एवढ्यात सहा विषय नीट होतात. वीस घेतले तर फक्त फोटो होतात.

अध्यक्ष आणि सचिव नववीच्या ठेवा. दहावीच्या मुलींना पद दिलं तर डिसेंबरनंतर मंचाला वाली उरत नाही. पाच-पाच मुलींचे आठ गट करा. प्रत्येक गटात आठवी, नववी, दहावी तिन्ही हव्यात आणि घरच्या भाषाही मिसळलेल्या हव्यात. गट मुलींना पाडायला सांगितले तर गल्लीप्रमाणे पडतात, म्हणून चिठ्ठ्या टाका.

तरवड

सहमत. ३५ मिनिटांचा तास असा वापरता येतो: ५ मिनिटं हजेरी आणि मागच्या कामाचा आढावा, २० मिनिटं प्रत्यक्ष काम, ५ मिनिटं प्रश्नपेटी, ५ मिनिटं पुढच्या वेळी कोण काय आणणार. प्रश्नपेटीसाठी सगळ्यांना एकाच आकाराचे कोरे कागद द्या आणि प्रत्येकीनं काहीतरी लिहून टाकायचंच असा नियम करा, 'प्रश्न नाही' असं लिहिलं तरी चालेल. नाहीतर जी लिहिते तिच्याकडे सगळ्या वर्गाची नजर जाते. दुसऱ्या आठवड्यापासून पेटी रिकामी.

टॉवेल_नंबर_दोन

जुलै-ऑगस्ट: कापडी पॅड शिवणं. हा उपक्रम सोलापुरात स्वस्तात होतो, कारण टेरी टॉवेलचा 'सेकंड'चा, म्हणजे किरकोळ खोट असलेला, माल आणि कातरण किलोवर मिळतं. शंभर टक्के सुती आहे ना, एवढं बघून घ्या. दोन-चार धागे काढून जाळून पाहा: सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते.

एका पॅडला लागणारं: वरखाली मऊ सुती कापड, आत टेरीचे दोन थर, एक टिच बटण. मुख्य पट्टी २५ सेंटीमीटर लांब, मधे ८ सेंटीमीटर रुंद, टोकं गोल. पंख दोन्ही बाजूंना ७-७ सेंटीमीटर, शिलाईला सगळीकडून १ सेंटीमीटर जास्तीचं. साचा जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा करा. ४० मुलींनी प्रत्येकी एक शिवायचा तर पाच साचे पुरे.

क्रम: कापड दोनदा धुऊन वाळवणं, साचा ठेवून कापणं, टेरीचे थर एकत्र टाचणं, उलट बाजूनं शिवून एका कडेला ६ सेंटीमीटर फट ठेवणं, उलटवणं, फट बंद करून कडेनं दुसरी शिलाई, शेवटी बटण.

चुका ठरलेल्या असतात. न धुतलेला नवा टॉवेल पाणी ओढतच नाही, त्यावर कारखान्यातलं मऊपणाचं फिनिश असतं. शिवाय सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि पॅड वाकडा होतो. टेरीच्या कडा झिगझॅग न मारता सोडल्या की दोन-तीन धुण्यांत पिसं निघतात. तीन-चार थर टेरी घातली तर शाळेच्या साध्या मशीनची सुई मोडते. १६ नंबरची सुई लावा आणि दोनच थर ठेवा. थर वाढवले तर आतलं वाळतही नाही, हा त्याहून मोठा तोटा.

निळी_गोळी

वरच्याला जोडून. पॅड शिवला म्हणजे विषय झाला असं होऊ नये. धुणं आणि वाळवणं ही त्यातली खरी शिकवण. आधी गार पाण्यात भिजवायचं (गरम पाण्यात रक्ताचा डाग पक्का बसतो), मग साबण, मग थेट उन्हात. दुसऱ्या कपड्याखाली झाकून वाळत घातलेला पॅड दमट राहतो आणि त्यातूनच खाज, संसर्ग सुरू होतो. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा घरी धुवायला पाणी नाही अशा मुलींना 'कापडीच वापरा' असा आग्रह धरू नका. दोन्ही पर्याय सांगा. कोणताही असो, चार ते सहा तासांत बदलायचा.

शाळेतली आकस्मिक पेटी, साधारण ३०० मुलींमागे: २० पॅड, दोन-तीन मापांच्या नव्या निकर, एक जादा सलवार, जुन्या वर्तमानपत्राचे चौकोनी कापलेले कागद, साबण. पेटी शिक्षक-खोलीत ठेवू नका. मागायला दार वाजवावं लागलं की कुणी येत नाही. स्वच्छतागृहाजवळच्या कपाटात ठेवा आणि दोन मुलींकडे जबाबदारी द्या. नोंदवहीत नाव लिहायचं नाही, फक्त काडी मारायची. महिन्याच्या काड्या मोजल्या की पुढची खरेदी कळते.

विल्हेवाट: पॅड कागदात गुंडाळून झाकणाच्या, पायानं उघडणाऱ्या वेगळ्या डब्यात. घंटागाडीला ओल्या-सुक्यापासून वेगळा द्यायचा. देणगीत मिळालेल्या जाळायच्या मशीनचं कौतुक फार होतं, पण एका वेळी ठरल्यापेक्षा जास्त पॅड कोंबले की अर्धवट जळतात आणि प्लॅस्टिकचा धूर स्वच्छतागृहातच फिरतो. धुराडं छताच्या वर नेलेलं नसेल तर मशीन बंद ठेवलेलं बरं.

कडक_भाकरी

निळी_गोळी, नावच घेतलंय तर लोहाच्या गोळ्यांचंही लिहा की ओ. निम्म्या गोळ्या बाकाखाली सापडतात.

निळी_गोळी

बाकाखाली सापडतात, कारण बहुतेक वेळा त्या उपाशीपोटी दिल्या जातात. साप्ताहिक निळी गोळी म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. सकाळच्या शाळेत पहिल्या तासाला दिली तर मळमळणार, पोटात ढवळणार, आणि पुढच्या आठवड्यात मुली तोंडात धरून बाहेर टाकणार. म्हणून वार ठरवताना असा ठरवा ज्या दिवशी शाळा पूर्ण वेळ आहे, आणि मधल्या सुट्टीच्या जेवणानंतर अर्ध्या तासानं, वर्गात, पाण्याबरोबर. चहा किंवा दूध आगेमागे तासभर नको. शौचाला काळपट होतं हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरून तक्रार येते. ऑगस्ट आणि फेब्रुवारीत जंतनाशक गोळी असते, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, ती चावून खायची. आजारी मुलीला त्या दिवशी देऊ नका.

हिमोग्लोबिनची तपासणी आरोग्य पथक किंवा नागरी आरोग्य केंद्राकडून करून घ्या, पालकांची लेखी संमती आधी. बारा वर्षांवरच्या मुलीला हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्तक्षय, ८ च्या खाली तीव्र, तिला त्याच आठवड्यात दवाखान्यात पाठवायचं. आकडे वर्गात मोठ्यानं वाचू नका आणि भिंतीवर तक्ता तर अजिबात नको. प्रत्येकीला तिची चिठ्ठी घडी घालून द्या.

आहाराच्या तासाला पालक-बीटाची चित्रं दाखवण्यापेक्षा डब्यातलंच घ्या: ज्वारीची भाकरी, शेंगा, मेथी किंवा राजगिरा, वर लिंबू. लिंबानं भाजीतलं लोह अंगी लागतं, जेवल्याबरोबर घेतलेल्या चहानं ते अडतं. एवढी एक गोष्ट मुलींनी घरी नेली तरी तास वाया गेला नाही.

पूर्वभाग

सप्टेंबर-ऑक्टोबर: भोंडला आणि बतुकम्मा (तेलुगू घरांतला फुलांचा सण) एकाच दिवशी घ्या. सोलापूरच्या शाळेला हे जमतं तसं पुण्यातल्या शाळेला जमणार नाही. बतुकम्मा सर्वपित्री अमावास्येला सुरू होऊन दुर्गाष्टमीला संपते, भोंडला घटस्थापनेपासून. सहामाही परीक्षा याच सुमारास येते, म्हणून शाळेतला दिवस अमावास्येनंतरचा पहिला-दुसरा धरा आणि परीक्षेचं वेळापत्रक लागण्याआधी मुख्याध्यापकांकडून पक्का करून घ्या.

बतुकम्मा रचण्याची पद्धत: पितळी ताट किंवा बांबूची परडी, तळाला भोपळ्याची पानं. बाहेरून आत फुलांचे गोल थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा बोटभर आत. तरवडाची पिवळी फुलं, कुर्डूचे तुरे, झेंडू, शेवंती. पोकळीत चिरलेली पानं दाबून भरत जायची, नाहीतर चौथ्या थराला सगळं आत बसतं. देठ एका मापाचे, चार बोटं. वर हळदीची गौरम्मा, म्हणजे छोटी गौर. दीड-दोन फुटांच्या एका रचनेला पाच-सहा मुली आणि दीड तास लागतो. कुर्डू आदल्या दिवशी तोडला तरी टिकतो. तरवड मात्र त्याच सकाळी आणा, पाकळ्या गळतात. कुर्डू पांढरा असतो, तो रंगवायचा तर तुरे खायच्या रंगात बुडवून सावलीत वाळवा.

भोंडल्याला पाटावर हत्ती काढला की काम झालं. खिरापत ओळखायची गंमत मुलींना फार आवडते, फक्त डबे आधी गोळा करून झाकून ठेवा. वासावरून ओळखतात!

नवीपेठकर

पण मुस्लिम मुलींचं काय? शाळेत पूजा घातली की प्रश्न येणारच.

पूर्वभाग

रास्त मुद्दा. पूजा, आरती नको. फुलं, फेर आणि गाणी एवढंच. कुणाला फेर धरायचा नसेल तर तिला कमी लेखणारं काम देऊ नका. वनस्पतींची नावं चार भाषांत लिहून तक्ता करणं, थरांतली फुलं मोजून शंकूचं गणित मांडणं, गाण्यांचं ध्वनिमुद्रण, ही खरी कामं आहेत. त्याच तक्त्याला पुढे मेंदीचे नमुने जोडा आणि ईदच्या आधीचा एक तास त्याला द्या, म्हणजे उपक्रम एकाच बाजूचा राहत नाही. विसर्जन शाळेतल्या टपात, नंतर सगळं कंपोस्टला.

सातवा_तास

नोव्हेंबरात बालविवाहाच्या कायद्याचा तास घ्या, आणि तो दिवाळीची सुट्टी संपल्याबरोबर. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, नववी-दहावीच्या मुलींची स्थळं त्याच दिवसांत बघितली जातात. दुसरा तास मार्चमध्ये, उन्हाळी सुट्टीच्या आधी. तासाला सांगायचं थोडकंच: लग्नाचं किमान वय मुलीला १८, मुलाला २१. वय ठरवताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला उपयोगी पडतो. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक, ११२ तातडीच्या मदतीचा. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. लग्न ठरल्याचं आधी कळलं तर न्यायालय मनाईचा आदेश देऊ शकतं, म्हणजे मांडवात जाऊन आरडाओरडा हा एकच मार्ग नाही. सलग गैरहजर मुलींची यादी वर्गशिक्षिकेकडून दर शनिवारी मागून घ्या. पहिली खूण तिथेच दिसते.

हजेरीपट

इथे एक कडक सूचना. प्रश्नपेटीत किंवा तक्रारपेटीत लैंगिक छळाची चिठ्ठी आली तर मंचाच्या बाईंनी 'आधी दोन्ही बाजू ऐकून घेऊ' असं करायचं नाही. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. मुलीला पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, लेखी कबुलीजबाब घ्यायचा नाही, तिचं नाव इतर शिक्षकांत फिरू द्यायचं नाही. शाळेतल्या सखी सावित्री समितीला (मुलींच्या सुरक्षिततेसाठीची समिती) मंचाच्या पहिल्याच सभेला बोलवा, म्हणजे मुलींना चेहरे माहीत होतात. तक्रारपेटीची किल्ली एकाच व्यक्तीकडे नको. दोन कुलुपं, दोन किल्ल्या, आणि पेटी ठरलेल्या वारी दोघींच्या समोर उघडायची. ही पेटी आणि तासाची प्रश्नपेटी वेगळ्या ठेवा.

कडक_भाकरी

डिसेंबर, आनंद मेळावा. वडापाव-भेळेचे स्टॉल सगळे लावतात, तेल उरतं आणि हिशेब जुळत नाही. शेंगाचटणी करा. आधी करून ठेवता येते, टिकते, वजनावर विकता येते आणि मुलींना किंमत काढायला शिकवते.

१ किलो शेंगदाण्याला ८० ग्रॅम सोललेला लसूण, ६५ ग्रॅम लाल तिखट, २० ग्रॅम जिरे, ३० ते ३५ ग्रॅम मीठ. मंद आचेवर भाजणं, पूर्ण गार करणं, सालं पाखडणं. भाजण्यात ओल जाते, सालंही जातात, म्हणजे किलोचे साधारण ९२० ग्रॅम उरतात. मसाला धरून १ किलो १०० ग्रॅम चटणी. कुटताना सांडतं, वजनात थोडं जास्त जातं, म्हणून १०० ग्रॅमच्या दहाच पुड्या धरा.

हिशेब नमुन्यादाखल, भाव त्या दिवशीचे घाला: शेंगदाणे १४०, लसूण १६, तिखट २०, जिरे ६, मीठ १, गॅस १०, पिशव्या २०. एकूण २१३, पुडीला २१ रुपये ३० पैसे. ३० ला विकली तर किलोमागे ८७ उरतात. मुली गॅस आणि पिशवी हमखास विसरतात आणि १८ रुपयांत पडली म्हणतात. तो आकडा त्यांनाच फळ्यावर शोधू द्या.

बिघडतं कुठे? मोठ्या आचेवर भाजलं तर बाहेर डाग आणि आत कच्चं, चटणी दोन दिवसांत कडवट. गरम शेंगदाणे मिक्सरला लावले की लगदा. उखळ नसेल तर मिक्सर थांबत थांबत फिरवा, पण शेंगांचं तेल किंचित सुटायलाच हवं, कोरडा भुगा म्हणजे सोलापुरी चटणी नव्हे. लसूण ओला असला की वास येतो, सोलून रात्रभर पंख्याखाली ठेवा. कोमट असताना पिशवी बंद केली की आत घाम धरतो. पुडीवर तारीख आणि 'शेंगदाणे आहेत' असं लिहा. काहींना शेंगदाण्याची ॲलर्जी असते. शाळेच्या आवारात ठीक आहे, पण बाहेर नियमित विकायची तर अन्न नोंदणी लागते.

हजेरीपट

पैशाचं इथेच सांगते. सक्तीची वर्गणी नको. जमा होईल ते ऐच्छिक आणि मेळाव्याचं. वहीत सहा रकाने: तारीख, तपशील, पावती क्रमांक, जमा, खर्च, शिल्लक. प्रत्येक ओळीला दोन मुलींच्या सह्या. रोकड कुणाच्या घरी जाऊ द्यायची नाही, शाळेच्या कार्यालयात बंद पाकिटात, वर रक्कम लिहून. कोषाध्यक्ष दर तीन महिन्यांनी बदला. पावती न देणाऱ्या भाजीवाल्याकडची खरेदी साध्या कागदावर लिहून बरोबर गेलेल्या मुलीची सही घ्या.

तरवड

जानेवारी. ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन. भाषणस्पर्धेऐवजी मुलींनी आपल्या आजी-आईला पाच प्रश्न विचारून आणायचे: शाळा कितवीपर्यंत, का सुटली, पहिली मजुरी किती, वगैरे. उत्तरं घरच्या भाषेत आणि मराठीत अशी दोन्ही लिहायची. भित्तीपत्रकाला १२ ओळींची मर्यादा घाला, नाहीतर चार मुली सगळी भिंत भरतात.

१२ जानेवारीला जिजाऊ जयंती असतेच, सोलापूरसाठी तो हुतात्मा दिनही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ साली याच दिवशी येरवड्यात फाशी दिली. पण त्याच सुमाराला सिद्धरामेश्वरांची यात्रा, रस्ते बंद, शाळेला सुट्टी. म्हणून चार हुतात्मा पुतळा, भुईकोट आणि डॉ. कोटणीस स्मारक ही पायी फेरी ८-९ तारखेलाच उरका. गड्ड्याच्या आठवड्यात काहीही ठेवू नका, कुणी येणार नाही आणि यायचंही कारण नाही.

नवीपेठकर

सहल कुठे? नान्नजचं माळढोक अभयारण्य कसं?

सातवा_तास

नान्नज चांगलं, पण 'माळढोक बघायला' म्हणून नेऊ नका. तो दिसेल असं धरूच नये, काळवीट दिसतात. सकाळी लवकर पोचायला हवं, वनविभागाची परवानगी आधी, भडक कपडे आणि डबे वाजवणं बंद. परतताना केगावचं विज्ञान केंद्र बघून होतं. एसटीला शालेय सहलीची निम्म्या भाड्याची सवलत आहे, शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांची संमतिपत्रं जोडून आगारात अर्ज लवकर द्या. फेब्रुवारीच्या मध्यानंतर उघड्या माळावर नेऊ नका.

टॉवेल_नंबर_दोन

यंत्रमाग कारखाना बघायचा तर एका वेळी दहाच मुली. ओढण्या काढून ठेवायच्या, वेण्या अंबाड्यात. चालू मागाच्या पट्ट्यात ओढणी गेली तर ओरडलेलं आवाजात कुणाला ऐकूही जात नाही. समजावून सांगणं बाहेर, मागाजवळ फक्त बघणं. ताणा (उभे धागे) भीमावर (मोठ्या रुळावर) कसा गुंडाळतात तिथून सुरुवात करा. थेट मागापाशी नेलं तर काहीच कळत नाही.

खडूफळा

बरंच हाती लागलं. शेवटचा प्रश्न: मार्च-एप्रिलमध्ये काय? मुली तर परीक्षेत असतात.

हजेरीपट

नवीन काही नको. कायद्याचा दुसरा तास, आणि नंतरचे दोन तास हस्तांतरणाचे. आठवीच्या मुली वस्तूंची यादी करतात: साचे, कात्र्या, सुया, उरलेलं टेरी, पेटीतले पॅड, रोकड. नववीच्या मुली प्रत्येक उपक्रमाचं एक पान लिहितात: सामान, लागलेला वेळ, झालेला खर्च, अडलेलं काय. अहवालाची भाषा नको, 'सुई तीनदा मोडली, १६ नंबर घ्या' असं चालेल. पॅडची पाकिटं सुट्टीत उंदीर कुरतडतात, पत्र्याच्या डब्यात ठेवा. कपाटाची एक किल्ली कार्यालयात, दुसरी जूनमध्ये होणाऱ्या सचिवाच्या नावानं पाकिटात. आणि नव्या वर्षाची पहिली सभा शाळा सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात, ती तारीख आत्ताच वहीत टाका.